गळती

बावीस वर्षं महापालिकेच्या पगारावर
मी रस्ते ऐकले.
रात्री दोननंतर, रिक्षा निजल्या की
लोखंडी कांडी डांबरावर टेकवायची,
वरचं लाकडी बोंड कानाला,
आणि श्वास रोखायचा.
खाली लाइन फुटली असेल तर बारीक आवाज येतो,
तापल्या तव्यावर ओला हात झटकावा तसा,
फक्त न थांबणारा.
नारायण पेठेत एकदा दोन हातांनी चुकलो होतो,
खंडागळे अजून ते काढतो.
बाकी हिशेब चोख.

फेब्रुवारीत दांडेकर पुलाच्या उताराला
खडीवर गाडी घसरली.
खड्डा आमच्याच खात्याचा होता,
हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं,
दोन्ही गोष्टी रिपोर्टात आहेत.
डोक्याचा स्कॅन स्वच्छ आला.
डॉक्टर बोकील म्हणाले, नशीबवान आहात.
मी विचारलं, साहेब,
तुमच्या खोलीत पाणी कुठे गळतंय?

डाव्या कानात. तेव्हापासून.
सहा इंची लाइन, जॉइंटपाशी रबर खाल्लेला,
मी ओळखतो, माझा धंदा आहे तो.
कान आतून गच्च,
कुणी ओली कणीक बोटाने चेपून ठेवल्यासारखा.
डाव्या कुशीवर वळलो
की पर्वती तिच्या पायऱ्यांसकट फिरते.
शालन ओट्यावर पातेलं ठेवते,
ते माझ्या दाढेत वाजतं.
आता ती खाली फडकं घालते,
बोलत काही नाही.

टिळक रोडला एका काचेच्या खोलीत
हेडफोन लावून बसवलं.
आवाज आला की बटण दाबा काका, मुलगी म्हणाली.
मी बटण दाबूनच धरलं.
ती काचेबाहेरून हात हलवत राहिली.
शेवटी म्हणाली, वरचे सूर गेलेत,
शिट्टी, चिमणी, स, श.
म्हणजे बायकोच्या नावाचं पहिलं अक्षर.
आता घरात एक आलन राहते.

हल्ली मी ऑफिसात तक्रारी लिहून घेतो,
फोन उजव्या कानाला.
'आमच्याकडे दाब कमी आहे हो.'
नदीपात्रात ढोलांचा सराव सुरू झाला
तेव्हा पंधरा दिवस सासवडला मेहुण्याकडे जाऊन राहिलो.
लोकांना सांगितलं, वाटणीचं काम होतं.

एका रात्री उठून माळ्यावरची कांडी काढली.
प्रणालीला वाटलं चोर.
बनियनवरच गल्लीत उतरलो,
कांडी टेकवली, उजवा कान लावला.
आवाज.
कांडी उचलली. आवाज.
पुन्हा टेकवली, आणि मग नीट ऐकलं:
दोन होते.
एक माझा,
एक रस्त्याचा, जरा जाड, जरा दमानं जाणारा.
खडूने फुली मारली.
तिसऱ्या दिवशी खोदलं तर
पाणी होतंच. फुलीपासून चार हातांवर.
खंडागळेला मी दोन सांगितलं.

शालनने एकदा माझ्या कानाला कान लावला,
मी रस्त्याला लावायचो तसा, श्वास रोखून,
बराच वेळ.
काही नाही हो, म्हणाली.
मग म्हणाली, केस वाढलेत, कापून या.

सकाळी सहाला पाणी येतं.
आधी नळ खोकतो, हवा टाकतो, गंजाची एक गुळणी,
मग धार बादलीत कोसळते
आणि माझी गळती तिच्यात सापडेनाशी होते,
सव्वासातपर्यंत.
बादली भरते, मी नळ बंद करत नाही.
शालन मोरीच्या दारात उभी,
पाणीखात्यातला माणूस ना तुम्ही!
शब्द अर्धेच पोचतात, राग पूर्ण पोचतो.
लिहून घे म्हणतो,
डावा कान,
रोज एक बादली.